नट कोणत्या बाजूला

घराच्या दाराला आतूनही कडी का असते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? बाहेरची कडी आपण घर सोडून जाताना लावतो. आतली कडी मात्र आपण घरात असताना लागते, आणि ती काढणं आपल्याच हातात असतं. ही गोष्ट इतकी सवयीची असते, की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एका माणसाचं गेलं, त्याची ही कथा.

एका पेठेच्या गावी लोखंडाचं काम करणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. सारे त्यांना पांचाळबाबा म्हणत. त्यांचा शिष्य हणमंत. पोरवयात भाता ओढायला आलेला हा मुलगा आता तिशीला पोचला होता, आणि त्याचा हात असा तयार झाला होता, की त्यानं जोडलेला सांधा घासून रंगवला की शोधूनही सापडत नसे. एके दिवशी बाबांनी त्याला सांगितलं, की आता येईल ते पहिलं काम तुझ्या नावानं जाईल. आखणी तू करायचीस, मी हात लावणार नाही.

ते पहिलं काम आलं मन्मथशेट यांच्या घरचं.

शेट धान्याचे आडत व्यापारी. घर मोठं, मागे अंगण. अंगणात नळ, मोरी, कपड्यांच्या दोऱ्या, कढीपत्त्याचं झाड. अंगणाच्या कडेला बाभळीच्या काट्यांचं जुनं कुंपण होतं, ते विरळ झालेलं. पलीकडून पूर्वी पाऊलवाट जायची. आता तिथं डांबरी रस्ता झाला, ट्रक थांबू लागले, चहाची टपरी आली. टपरीच्या बाकावर बसलेल्यांना अंगणातलं सगळं दिसे. शेटची सून शिवकांता एकदा केस वाळवत उभी असताना तिकडून कुणीतरी काही बोललं आणि बाकीचे हसले. सासू महानंदाबाईंनी ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत शेटच्याही कानावर गेलं.

शेट संतापून हणमंतकडे आले. त्यांचं म्हणणं असं, की उंच, धातूचा, उन्हापावसाला न सडणारा आडोसा पाहिजे. फट नको. आणि काम एका दिवसात उभं राहिलं पाहिजे, कारण अंगण उघडं पडून राहिलेलं किंवा परके मजूर घरात रेंगाळलेले त्यांना चालणार नव्हते. हे काम नीट झालं, तर बाजार समितीच्या आवाराचं कामही मी तुलाच मिळवून देतो, असं ते म्हणाले. हणमंतला आकाश ठेंगणं झालं.

तो मापं घ्यायला गेला, तेव्हा शिवकांतेनं त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. तो टेप गुंडाळत होता. ती जरा वेळ काट्यांच्या कुंपणातल्या एका खिंडाराकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "दादा, तुमचं हे उभं राहिल्यावर इकडून माणसाला बाहेर पडता येईल का?"

हणमंतला वाटलं, ती कामाची मजबुती विचारते आहे. तो हसून म्हणाला, "माणूस सोडा ताई, मांजरसुद्धा जायचं नाही. मी आवळलेला पत्रा हत्तीलाही हलणार नाही."

ती म्हणाली, "सोमवारी सकाळी मला सरकारी दवाखान्यात हजर व्हायचं होतं. नाही गेले तर नर्सची जागा दुसरीला जाते." एवढं बोलून तिनं रिकामा तांब्या उचलला आणि ती आत गेली.

नळापाशी महानंदाबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच हणमंतला सांगितलं, की शेट बाजारात जाताना पुढच्या फाटकाला कुलूप लावून जातात, आणि किल्ली त्यांच्या खिशात असते. लग्नात सुनेला नोकरी करू देऊ असं ठरलं होतं. मुलगा दूर गुजरातेत कामाला आहे, त्याचीही ना नाही. पण टपरीवरचं ते बोलणं झालं आणि शेट म्हणाले, आता कुठली नोकरी. मग बाई पुन्हा गव्हाकडे वळल्या.

हणमंतनं मनाशी म्हटलं, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे, आपण माप घ्यावं आणि निघावं.

त्याची आखणी खरोखर चांगली होती. चौकोनी पाइपचे खांब, त्यांच्यात खाच असलेल्या पट्ट्या, आणि त्या खाचांत वरून बसणारे जस्ताचा मुलामा दिलेले अखंड पत्रे. सगळं दुकानातच तयार करायचं. जागेवर फक्त खांब रोवायचे, पत्रे सरकवायचे आणि प्रत्येक पत्र्याला चार बोल्ट घालायचे. नट त्यानं रस्त्याच्या बाजूला ठेवले होते, कारण आतल्या बाजूला मोरी आणि झाड, तिथं उभं राहून पाना फिरवायला अडचण. रस्त्यावर हवी तेवढी जागा. पण नट बाहेर ठेवले तर चोर ते काढून नेतील, म्हणून शेवटी प्रत्येक नटाला वेल्डिंगचा टाका मारायचा. एकदा टाका बसला की नट आणि बोल्ट एकजीव होतात, पाना लावून काही उपयोग नसतो. त्या धंद्यात सगळे असंच करतात. हणमंतही इतकी वर्षं असंच करत आला होता.

संध्याकाळी चहा पिताना त्यानं बाबांना सगळं सांगितलं. सुनेला काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. मांजराचं आणि हत्तीचं सांगताना त्याला पुन्हा हसू आलं.

बाबा हसले नाहीत. त्यांनी अर्धा राहिलेला कप खाली ठेवला. म्हणाले, की नमुन्याला चार पत्रे तयार आहेत ना, ते उद्या आपल्या दुकानासमोरच्या अंगणात चौकोनात उभे कर. तू आत थांब आणि कुठं फटीतून उजेड येतो का ते बघ. बाहेरून मी आवळतो.

वैशाखाचे दिवस होते. दुपारी हणमंत चौकोनाच्या आत उभा राहिला. बाबांनी शेवटचा पत्रा सरकवला, बाहेरून नट आवळले. हणमंत आतून फिरून बघू लागला. उजेडाची रेघसुद्धा कुठं नव्हती. तो समाधानानं म्हणाला, "बाबा, फट नाही. उघडा आता."

बाहेर वेल्डिंगचा चरचर आवाज झाला. एका नटावर, मग दुसऱ्यावर. हणमंतला तो आवाज ओळखीचा होता. त्याला वाटलं, बाबांना ऐकू आलं नसावं. त्यानं पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही. बाकडं सरकवल्याचा आवाज आला, आणि मग कुणाला तरी चहा सांगितल्याचा.

ऊन थेट डोक्यावर होतं. पत्रा तापत चालला. आत वाऱ्याची झुळूक नव्हती. हणमंतनं पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. खिशात पाना होता, तो काढून तो बोल्टांपाशी गेला, पण आतल्या बाजूला नुसती बोल्टांची डोकी होती. ती तो फिरवू लागला. पलीकडचा नट टाक्यानं बोल्टाशी आणि पत्र्याशी बांधला गेला होता. काहीच हलेना. वर चढावं म्हटलं, तर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ती न ठेवण्याची काळजी त्यानं स्वतःच घेतली होती. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू लागला. आधी त्यानं विनवलं, मग तो रागावला, मग पत्र्यावर मुठी आपटू लागला. पत्रा नुसता गडगडला. मजबूत काम होतं.

शेवटी तो दमून चौकोनाच्या मधोमध बसला. तेव्हा बाहेरून बाबांचा शांत आवाज आला. "माणूस सोड, मांजरसुद्धा जायचं नाही."

त्याच्या डोळ्यांसमोर तो तांब्या आणि खिंडाराकडे बघणारी ती बाई उभी राहिली. पाण्याबरोबर ती काय विचारत होती, ते त्याला आता कळलं.

बाबांनी ग्राइंडर लावून टाके कापले, पत्रा वर ओढला. हणमंत बाहेर आला आणि हौदातलं पाणी डोक्यावर ओतून घेऊन सावलीत बसला. बाबा त्याच्या शेजारी बसले. एरवी ते फार बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"हणमंता, लोखंडाला विचार नसतो. पत्रा तोच, पाइप तोच, बोल्टही तोच. त्याचा आडोसाही होतो आणि कोंडवाडाही होतो. दोन्हींत फरक एवढाच, की नट कुणाच्या हाताला लागतो. ज्याला लाज राखायची आहे, त्याच्या हाताला लागला तर तो आडोसा. बघणाऱ्याच्या किंवा राखण करणाऱ्याच्या हाताला लागला, तर तो कोंडवाडा. पाना फिरवायला सोपं जातं म्हणून तू नट बाहेर ठेवलेस. तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. बहुतेक कोंडवाडे असेच तयार होतात. करणाऱ्याला सोपं जातं म्हणून."

हणमंतनं विचारलं, की मग चोराचं काय करायचं.

"ते तू शोध," बाबा म्हणाले. "काम तुझं आहे."

हणमंतनं आखणी पुन्हा मांडली. अखंड पत्र्याऐवजी त्यानं खिडकीच्या झडपेसारख्या तिरक्या पट्ट्या घेतल्या, अशा कोनात, की रस्त्यावरच्या माणसाची नजर अडेल, पण वारा आरपार जाईल. वाऱ्याला वाट मिळाली म्हणजे वादळात खांबांवर जोर येणार नव्हता, आणि पट्ट्या हलक्या असल्यानं त्या जोडून केलेला एक पल्ला दोन बायकांना सहज उचलता येणार होता. उन्हात लोखंड फुगतं, म्हणून बोल्टांची भोकं त्यानं लांबट ठेवली. खाली जमिनीपासून चार बोटं जागा सोडली, म्हणजे पाणी साचून गंज चढणार नाही. बोल्ट त्यानं गोल डोक्याचे घेतले. असं डोकं पान्यात धरता येत नाही. ते डोकं रस्त्याच्या बाजूला ठेवलं आणि नट आत. बाहेरच्याला ते उघडणं अशक्य, आतल्याला मिनिटाचं काम. टाक्याची गरजच उरली नाही. मोरीपाशी उभं राहायला अडचण होती खरी. ती अडचण त्यानं सोसायची ठरवलं.

रविवारी आडत बंद असते, म्हणून उभारणी रविवारी ठरली. दुसऱ्या दिवशी शिवकांतेची हजर होण्याची शेवटची मुदत होती, हे हणमंतला आणि बाबांना पक्कं ठाऊक होतं.

जुनं कुंपण तसंच ठेवून खांब आधीच रोवले होते; त्या सकाळी काटे काढून टाकले. पल्ले आणून ठेवल्यावर बाबांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी हणमंतला बाजूला उभं केलं आणि सासू-सुनेला बोलावून दोघींच्या हातात एकेक पाना दिला. म्हणाले, "ज्यांचा आडोसा, त्यांनी उभारायचा. आम्ही सांगतो तसं करा."

शेट ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांना मौज वाटली. ते म्हणाले, की हे बरं झालं, पुढच्या वेळी पांचाळांना बोलवायलाच नको, घरच्या बायकाच दुकान काढतील. महानंदाबाई पहिल्या नटाशी जरा चाचपडल्या. दुसरा त्यांनी सफाईनं आवळला. चौथ्या पल्ल्यापर्यंत त्या सुनेला सांगू लागल्या, की अगं, आधी खालचा घाल, मग वरचा आपोआप जागेवर येतो. पलीकडे टपरीवरचं एकेक डोकं दिसेनासं होत गेलं. शेवटचा पल्ला बसला तेव्हा अंगणात वारा होता, सावलीच्या तिरक्या रेघा होत्या, आणि बघणारं कुणी नव्हतं. शिवकांतेनं पदर खांद्यावर सैल सोडला. किती दिवसांनी ती त्या अंगणात मोकळी उभी होती.

शेट उठून पाहणी करू लागले. नट आत का, असं त्यांनी विचारलं. हणमंतनं समजावलं, की बाहेर गोल डोकं आहे, चोराला काही करता येणार नाही. शेट खूश झाले. म्हणाले, डोकं चाललं म्हणायचं तुझं.

मग हातगाडीवरच्या वेल्डिंग मशीनकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आता टाके मारून टाक."

"त्याची गरज नाही शेट," हणमंत म्हणाला. "बाहेरून कुणाला उघडत नाही."

"बाहेरच्यांसाठी नाही सांगत मी."

शिवकांता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हणमंतनं बाबांकडे पाहिलं. बाबा हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. काम हणमंतच्या नावाचं होतं.

हणमंतच्या मनात त्या क्षणी बाजार समितीचं काम आलं, हे खरं आहे. ते काम म्हणजे त्याच्या नावाची पाटी, त्याचं स्वतःचं दुकान. टाके मारायला फार तर अर्धा तास लागला असता. त्याला तापलेला पत्रा आठवला, आणि हाताचा तळवा आपोआप मिटला.

तो म्हणाला, "शेट, तुम्ही मला आडोसा करायला सांगितलात, तो झाला. याला टाका मारला की याचं नाव बदलतं. ते दुसरं काम आहे. ते मी घेतलेलं नाही."

शेटचा चेहरा लाल झाला. ते बरंच बोलले. लोहाराच्या पोरानं आम्हाला घर चालवायला शिकवू नये, म्हणाले. म्हातारा लोखंडात पिकला पण धंदा शिकला नाही, आणि चेलाही तसाच निघाला, म्हणाले. बाजार समितीच्या कामाचं नावही काढू नकोस. उद्या सकाळी सौदे आटोपले की दुसरा वेल्डर घेऊन येतो, गावात काय तू एकटाच आहेस?

बाबांनी एवढंच म्हटलं, "आणा. पण त्यालाही आधी आत उभं करा."

हणमंतनं केबल गुंडाळली. शिवकांतेच्या हातातला पाना घेऊन त्यानं तो आतल्या खांबावरच्या आकड्याला अडकवला आणि सांगितलं, की वर्षातून एकदा नटांना तेल द्यायचं, त्यासाठी हा इथंच असू द्या. शेटनी पुढं होऊन तो पाना काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. त्याच खिशात फाटकाची किल्ली होती. दोन लोखंडं एकमेकांवर वाजली. शिवकांतेनं डोळे मिटून घेतले.

गाडी ढकलत बाहेर पडल्यावर हणमंतनं पिशवी चाचपली आणि तो थांबला. पाने दोन आणले होते. एक शेटच्या खिशात गेला. दुसरा महानंदाबाईंच्या हातात होता, तो परत आलाच नव्हता. तो मागायला वळणार, तेवढ्यात बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "आपण आपल्या बाजूचं केलं. आतलं आता आतल्या माणसांनी बघायचं."

हणमंतनं मागं वळून पाहिलं. तिरक्या पट्ट्यांतून अंगणातलं काहीच दिसत नव्हतं. तसंच असायला हवं होतं. तरी त्याचा पाय निघेना. आत एक बाई होती जिला जायचं होतं, आणि एक बाई होती जी आजवर नवऱ्याच्या शब्दापुढे कधी गेली नव्हती. पाना त्या दुसरीजवळ होता. आपण कष्टानं आतल्या बाजूला ठेवलेला नट कुणी फिरवील की नाही, हे घडवणाऱ्याला कधीच कळत नाही. त्यानं तो फिरेल असा ठेवायचा, इतकंच त्याच्या हाती असतं. एवढं हणमंतला त्या रस्त्यावर उमगलं, आणि तो गुरूंच्या मागोमाग चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथशेट पुढच्या फाटकाला कुलूप लावून बाजारात गेले, आणि सौदे आटोपून वेल्डरला घेऊन परत आले. तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं, मागच्या कुंपणाचा प्रत्येक पल्ला जागेवर होता आणि सगळे नट आतून घट्ट आवळलेले होते. शिवकांता दवाखान्यात हजर झाली होती, आणि महानंदाबाई नळापाशी बसून बोटांना लागलेलं नटांवरचं काळं ग्रीस राखेनं घासत होत्या.